गाडी की फिक्स्ड डिपॉझिट?

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर प्रॉडक्शन सर्व्हर झोपलाय, नाहीतर कॅलिफोर्नियातून मंदारदादा बोलतोय. या शनिवारी दादा होता. (सर्व्हर शुक्रवारी रात्रीच झोपून उठला होता. तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.)

"अरे मिळाली! अलॉटमेंट मिळाली!"

अर्धवट झोपेत मला वाटलं कोणाला तरी म्हाडाचा फ्लॅट लागला. मग ट्यूब पेटली. गाडी!

मंदारदादा माझा चुलतभाऊ. वय एक्केचाळीस, गेली अठरा वर्षं तिकडेच. ज्या स्टार्टअपमध्ये तो सुरुवातीपासून होता ती तीन वर्षांपूर्वी विकली गेली, त्यामुळे आता त्याला परवडतं. गाडीचं वेड आमच्या घराण्यात आहे, पैसा फक्त त्याच्याकडे आहे. :) गाडीचं नाव लिहायचं नाही अशी त्याची तंबी आहे, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती मोजून काहीशे बनणार आहेत, गिअर हाताने टाकायचे आहेत, आणि पैसे असले म्हणून ती मिळत नाही. ती "देण्यात येते". त्यासाठी दादाने त्याच शोरूममधून चार वर्षांत दोन एसयूव्ही घेतल्या. घरात माणसं तीन, त्यातलं एक सात वर्षांचं. पण याला म्हणे "डीलरशी नातं जोडणं" म्हणतात. आमच्याकडे नातं जोडायला पेढे नेतात.

तर दादाने मला चौदा पानांची पीडीएफ पाठवली. ऑप्शन्सची यादी. "तुला यातलं कळतं, बघ जरा." (मला कळतं म्हणजे काय, तर मी गेली दहा वर्षं गाड्यांच्या कॉन्फिगरेटरवर फुकट गाड्या सजवतोय. आजवर अंदाजे चारशे कोटींच्या गाड्या मी "घेतल्या" आहेत.) पहिल्या पानावर रंग. दादाला हवा होता हिरवा. साधासुधा नाही, आमच्या अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, चेतकचा तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा फिकट हिरवा. जास्तीचे पैसे भरले तर हवा तो रंग करून मिळतो, फक्त नमुना द्यावा लागतो. दादाने विचारलं. शोरूममधल्या सल्लागाराचं उत्तर त्याने मला फॉरवर्ड केलं. अतिशय गोड भाषा. मथितार्थ असा की रंग जरूर तुमच्या आवडीचा घ्या, पण पुढच्या मालकाचाही विचार करा.

पुढचा मालक! अरे, गाडीचा पहिला बोल्टसुद्धा अजून आवळला गेलेला नाही आणि हे पुढच्या मालकाच्या आवडीनिवडी विचारतायत. मुलगी बघायला गेलेल्या माणसाला घटस्फोटाचा वकील सुचवण्यासारखंच झालं की हे!

आणि माझा भाऊ, जो कोड रिव्ह्यूमध्ये एका स्वल्पविरामावरून भांडतो, तो म्हणाला, "पॉइंट आहे रे त्याचा. ग्रे करावा का?"

इथे माझं डोकं फिरलं. म्हणून हे सगळं.

मुळात हा "मर्यादित" प्रकार काय आहे ते बघू. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शने ९११ कॅरेरा आरएस २.७ ही गाडी मांडली. मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर, २१० हॉर्सपॉवर, हलक्या आवृत्तीत वजन एक टनाच्याही खाली. ती ५०० बनवायची होती. का? तर शर्यतीचा नियम होता. त्या गटात गाडी उतरवायची तर रस्त्यावर चालणाऱ्या तशाच किमान ५०० गाड्या बनवल्या पाहिजेत. 'किमान' हा शब्द नीट वाचा. ५०० हा तळ होता, छत नव्हे. एवढ्या खपतील का अशी पोर्शच्याच विक्रीवाल्यांना धास्ती होती. लोकांना गाडी आवडली, ५०० हातोहात गेल्या, म्हणून त्यांनी आणखी बनवल्या. शेवटी आकडा गेला १,५८० वर. लोकांना हवी आहे, बनवता येते आहे, तर बनवा. यात काही चमत्कारिक आहे का?

फेरारी एफ४० चं तेच. १९८७ ची गाडी, ४०० च्या आसपास बनवायचा विचार होता, मागणी आली, बनल्या १,३०० च्या वर. एफ४० आज फालतू गाडी आहे असं कोणी म्हणतं का?

आता अलीकडचे आकडे बघा. पोर्श ९१८ स्पायडर किती बनल्या? ९१८. का? कारण नाव ९१८. २०१६ ची ९११ आर किती बनल्या? ९९१. का? कारण त्या पिढीच्या ९११ चा कंपनीतला अंतर्गत क्रमांक ९९१. २०२३ ची ९११ एस/टी किती? १,९६३. का? कारण पहिली ९११ लोकांना दिसली १९६३ साली.

आमच्या टीममध्ये कोणी कोडमध्ये ९९१ असा आकडा थेट ठोकून दिला तर मी विचारतो, बाबा रे, हा कुठून आला? साच्याचं आयुष्य तेवढंच आहे? पुरवठादाराकडे मॅग्नेशियमचे पत्रे तेवढेच आहेत? कामगार कमी आहेत? त्यावर तो "नाही, छान दिसतो" असं म्हणाला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. आणि इथे जगातली सर्वांत काटेकोर इंजिनिअर मंडळी, जी एकेका ग्रॅमचा हिशोब देतात, ती "किती बनवायच्या" या प्रश्नाचं उत्तर श्लेष अलंकाराने देतात!

बरं, ९११ आरचीच गोष्ट पुढे. चार लिटरचं इंजिन, टर्बो नाही, ५०० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, १,३७० किलो. पहिला मान ९१८ च्या मालकांना, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच ढीग आहे त्यांना. बाकीच्यांनी बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पट मोजून ती घ्यायला सुरुवात केली, कारण हाताने गिअर टाकायची अशी गाडी पुन्हा होणे नाही असा सगळ्यांचा समज. आणि २०१७ मध्ये पोर्शनेच नवी ९११ जीटी३ आणली. चार लिटर, ५०० हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि त्याच वर्षी मोठा पंखा काढून टाकलेली टूरिंग. संख्येला कसलीही मर्यादा नाही. आरचे भाव धाडकन खाली आले. गुंतवणूक म्हणून आर घेऊन ठेवणाऱ्यांचे चेहरे काय झाले असतील याची कल्पना करून मला आजही बरं वाटतं. आर ४० एक किलोंनी हलकी, छत मॅग्नेशियमचं, ते सगळं खरं. पण मग जे आकाशाला भिडलं होतं ते नेमकं कशामुळे? त्या ४० किलोंमुळे की त्या ९९१ मुळे?

सगळ्याच मर्यादित गाड्या अशा नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गॉर्डन मरेची मॅकलारेन एफ१ सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ बनल्या, कारण नव्वदच्या दशकात त्या किमतीला तेवढी गिऱ्हाइकंच नव्हती. खरंतर ३०० बनवायची तयारी होती. ती मर्यादा बाजाराने घातली, जाहिरात विभागाने नव्हे.

आता रांगेबद्दल. फोर्डने २०१६ मध्ये नव्या जीटीसाठी चक्क अर्ज मागवले. पहिल्या ५०० गाड्या, किंमत साडेचार लाख डॉलरच्या आसपास, आणि पूर्ण भरलेले अर्ज आले ६,५०६. अर्जात काय विचारलं होतं? आधी आमच्या गाड्या घेतल्या आहेत का, ही चालवणार का, लोकांवर तुमचा प्रभाव किती. व्हिडिओ करून पाठवायचीही सोय होती. म्हणजे साडेचार लाख डॉलर देऊन वर इंटरव्ह्यू! आमच्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये निदान ते आम्हाला पैसे देणार होते.

आणि अट अशी की दोन वर्षं विकायची नाही. जॉन सीना, तो कुस्तीवाला, त्याने २०१७ मध्ये मिळालेली जीटी महिन्याभरात विकून टाकली. फोर्डने त्याला कोर्टात खेचलं. २०१८ मध्ये तडजोड झाली, रक्कम दानधर्माला गेली. पोर्शने एस/टीच्या वेळी अमेरिकेत त्याहून पक्का उपाय काढला. पहिलं वर्षभर गाडी लीजवरच घ्यायची, म्हणजे ती तुमच्या नावावरच नाही, विकणार काय कप्पाळ!

यावर बरेच जण म्हणतात की हे चांगलंच आहे, दलालांना आळा बसतो. मीही आधी असंच म्हणायचो. पण जरा विचार करा. दलाल आला कुठून? दलाल टंचाईच्या वासावर येतो. टंचाई केली कोणी? आधी स्वतःच ९९१ वर झाकण लावायचं, मग झाकणावर माश्या बसल्या म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर चापट मारायची. झाकण काढा की! टूरिंगने काढलं आणि माश्या उडाल्या, हे आपण बघितलं.

आमच्या घरात ही गोष्ट नवी नाही. अण्णांनी चेतक नोंदवली १९७६ साली आणि ती घरी आली १९८३ साली. तेव्हा कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या ते दिल्लीतून लायसन्सवर ठरायचं. वर्षानुवर्षं लोक नंबर लागायची वाट बघायचे. नंबर लागलेला कागदच "ऑन" घेऊन विकला जायचा. परदेशातून कोणी डॉलर पाठवले तर लवकर मिळायची, त्यामुळे ज्याचा मेहुणा गल्फमध्ये त्याचा रुबाब वेगळा. रंग? जो येईल तो. म्हणून अण्णांना दवाखान्याचा हिरवा आला. तक्रार करायची सोयच नव्हती, आणि सात वर्षांनी मिळालेल्या स्कूटरचा रंग कोण बघतो?

त्या व्यवस्थेला आपण सगळ्यांनी इतिहासाच्या पुस्तकात शिव्या घातल्या. परमिटराज, कृत्रिम टंचाई, काळाबाजार, वशिला. एकेक शब्द घ्या आणि दादाच्या गाडीला लावून बघा. संख्या वरून ठरलेली. ओळख असेल तर नंबर लवकर. कागदालाच भाव. नको असलेल्या दोन एसयूव्ही घेतल्या तर हवी ती मिळणार, म्हणजे रेशनवर साखर हवी तर निकृष्ट तांदूळही उचला! फक्त तेव्हा त्याला टंचाई म्हणायचे, आता त्याला "एक्स्क्लुझिव्ह" म्हणतात आणि एअर कंडिशन्ड खोलीत कॉफी देतात.

एक फरक मात्र जबरदस्त आहे. अण्णांनी चेतक चालवली. आजीला मागे, काकांना पुढे उभं करून आणि बाबांना मध्ये कोंबून ते खंडाळा घाट चढून गेलेले आहेत. आकड्यांचा घोळ घालून झालेल्या या नव्या गाड्या मात्र हवा नियंत्रित गॅरेजमध्ये, चार्जर लावून, चादर पांघरून पडतात. आयसीयूमध्ये असल्यासारख्या.

आता पीडीएफची बाकीची तेरा पानं. आहाहा.

मला स्पेक करायला मनापासून आवडतं. सिरॅमिक ब्रेक घ्यावेत का, हा खरा प्रश्न आहे. ट्रॅकवर वारंवार जाणार असाल तर त्यांचं वजन आणि उष्णता सोसायची ताकद कामाची, पण डिस्क बदलायची वेळ आली की खिसा फाटतो. गाडीचं नाक वर उचलणारी यंत्रणा घ्यावी का? वजन वाढतं, पण घरासमोरचा उतार तीव्र असेल तर पुढचा कार्बनचा ओठ वाचतो. सीट कुठली, तुमची पाठ कशी आहे त्यावर. हे असे प्रश्न सोडवायला मला कोणी पगार दिला तर मी उद्या राजीनामा टाकेन.

मग हळूहळू यादी घसरते. पट्ट्यांचा रंग. शिवणीच्या दोऱ्याचा रंग. एसीच्या झडपांच्या पट्ट्यांना चामडं. पोर्शने तर फ्यूजबॉक्सच्या झाकणाला चामडं लावायचं ऑप्शन विकलेलं आहे! फ्यूज उडाल्याशिवाय जे कोणी बघत नाही, त्याला गाईचं कातडं. फेरारीच्या गाड्या आणि सुट्या भागांच्या उत्पन्नात अशा "तुमच्या आवडीनुसार"चा वाटा जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढा आहे, तेव्हा हा गंमतीचा विषय नाही, धंद्याचा कणा आहे. ९१८ स्पायडरचं वाइसाख पॅकेज घ्या. अमेरिकेत त्याची किंमत ८४,००० डॉलर, आणि वजन कमी व्हायचं सुमारे ४१ किलो. म्हणजे किलोला दोन हजार डॉलरच्या वर. दादाचं पोट बघता (दादा, वाचतोयस ना?) जिमची वर्गणी स्वस्त पडली असती.

तरीही चामड्याच्या झाकणाला माझा आक्षेप नाही. ज्याला हौस आहे त्याने करावी. हौसेला मोल नसतं, हे आपल्याकडे शाळेत न जाताही कळतं. माझा राग त्याच्या बरोबर उलट्या गोष्टीवर आहे. दादाची यादी मी नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की त्यात हौस नावालाही नाही. सिरॅमिक ब्रेक टिक केलेले, का? "ते नसतील तर पुढे विकताना प्रश्न येतो." कार्बनच्या बकेट सीट टिक केलेल्या. दादाला मणक्याचा त्रास आहे, त्या सीटवर तो अर्धा तास बसू शकत नाही! "पण कलेक्टर लोकांना त्याच लागतात." म्युझिक सिस्टिम साधी, कारण "प्युअरिस्ट" लोकांना तशी आवडते. दादा भीमसेन जोशी लावल्याशिवाय गाडी चालूच करत नाही.

म्हणजे ही गाडी कोणासाठी बनतेय? एका अशा माणसासाठी, जो अस्तित्वातच नाही. त्याला पाठ नाही, कान नाहीत, मुलगी नाही, आजोबा नाहीत. त्याला फक्त ग्रे आवडतो. आणि गंमत अशी की तो अस्तित्वात नसलेला माणूसही जेव्हा गाडी घेईल, तेव्हा तोही पुढच्या माणसाचाच विचार करेल. शेवटपर्यंत कोणीच बसणार नाही त्या सीटवर. आम्ही याला इन्फिनिट लूप म्हणतो आणि प्रोसेस मारून टाकतो.

"अरे पण एवढे पैसे घालायचे तर गुंतवणूक म्हणून बघायला नको का?" दादाचा प्रश्न. बघ की. पण मग इंडेक्स फंड घे, त्याला पेट्रोल लागत नाही, इन्शुरन्स लागत नाही आणि त्याचे टायर उभ्या उभ्या कडक होत नाहीत. आणि गाडीच घ्यायची तर रोवन ॲटकिन्सनकडे बघ. हो, मिस्टर बीन. त्याने १९९७ मध्ये मॅकलारेन एफ१ घेतली. रंग गडद, वांग्याकडे झुकणारा. कुठलाही "समजूतदार" सल्लागार नको म्हणाला असता. त्याने ती चालवली. बाजारात नेली, लांबच्या प्रवासाला नेली, दोनदा ठोकली. दुसऱ्यांदा तर अशी की दुरुस्तीचं बिल नऊ लाख पौंडांच्या वर गेलं. ४१ हजार मैल झाल्यावर २०१५ मध्ये ती ८० लाख पौंडांना विकली गेली. नवी असताना किंमत होती सहा लाखांच्या आसपास.

यावरून ठोकल्याने भाव वाढतो असा निष्कर्ष काढू नये, प्लीज. मॅकलारेन एफ१ ही एफ१ होती, प्रत्येक गाडीचं असं होत नाही. पण अठरा वर्षं त्या माणसाने मधल्या सीटवर बसून तो व्ही१२ ऐकला. ते त्याच्याकडून कोणी परत घेतलं का?

आता "श्रीमंतांची दुखणी, तुला काय करायचंय?" असं म्हणणाऱ्यांना. अगदी बरोबर. ही गाडी माझ्या नशिबात नाही आणि इथे आणायची म्हटलं तर तेवढीच ड्यूटी भरावी लागेल. पण हीच खोड खाली झिरपलेली मला रोज दिसते. माझ्या ऑफिसात चार जणांनी गेल्या वर्षी गाड्या घेतल्या. चारही पांढऱ्या. कारण विचारलं तर चौघांचं एकच, "रीसेलला बरी." एकाला लाल हवी होती, त्याची बायकोही लाल म्हणत होती. आयुष्यातली पहिली गाडी, सात वर्षांचं कर्ज, आणि रंग निवडला कोणी, तर २०३२ साली कुठल्यातरी सेकंड हँड बाजारात येणाऱ्या अनोळखी गृहस्थाने. मी स्वतःही धुतल्या तांदळासारखा नाही. फ्लॅट घेताना हॉलच्या भिंतीला निळा द्यायचा होता. ब्रोकर म्हणाला, ऑफ-व्हाइट ठेवा, भाड्याने द्यायला सोपं जातं. ठेवला. सध्या त्याच ऑफ-व्हाइट भिंतीकडे बघत हे टाइप करतोय.

असो. दादाशी दीड तास भांडलो. तो म्हणाला तू इमोशनल होतोयस. मी म्हणालो तुझ्या मणक्याचा एमआरआय मी बघितलाय. सीट बदलली त्याने, साध्या गरम होणाऱ्या घेतल्या. म्युझिक सिस्टिमही मोठी घेतली. ब्रेकवर तहाची बोलणी चालू आहेत. रंगावर म्हणाला, "नमुना कुठून आणू? अण्णांची स्कूटर तर भंगारात गेली."

सगळी नाही गेली. डावीकडचा डिकीचा पत्रा आमच्या माळ्यावर आहे, बाबांनी का ठेवला ते त्यांनाही आठवत नाही. रविवारी काढला. बाहेरून रंग उडून पिवळट झालाय, पण आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचलंच नाही, तिथे रॉकेलचा बोळा फिरवल्यावर तो दवाखान्याचा हिरवा जसाच्या तसा निघाला. बाबा पाच मिनिटं तो पत्रा हातात धरून उभे होते. मग म्हणाले, नीट गुंडाळ, पोचा पडेल.

सोमवारी लंच टाइममध्ये कुरिअरवाल्याकडे नेला. त्याने विचारलं आत काय आहे, म्हटलं जुना पत्रा. किंमत किती टाकू? म्हटलं टाका काहीही. त्याने शंभर रुपये टाकले आणि सांगितलं, आठ दिवस लागतील. स्पेक लॉक व्हायला बारा आहेत.